काकूचं मीटर माझ्या नावावर

काकूच्या घरात वेगळं मीटर बसवायचं ठरलं, तेव्हा काका नुकतेच गेले होते. अर्जाला आधारकार्ड लागत होतं. काकूचं होतं पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली सापडेना, आणि माझं खिशातच होतं. मी ते पुढं केलं. कुणाच्या का नावावर असेना, उजेड काकूच्याच घरात पडणार, असं वर सगळ्यांना ऐकवलंही. शाळामास्तर माणूस, चार जणांत काहीतरी शिकवल्याशिवाय मला करमत नाही.

पुढं मी हे पार विसरून गेलो. यंदा निराधार म्हातारी आणि अपंग माणसं यांना वीजबिलात सवलत मिळणार, अशी योजना आली. काकू दोन्हींत बसते. पंच्याहत्तरी उलटली, खुबा मोडल्यापासून एक पाय ओढत चालते, मूलबाळ नाही. बिल वाढू नये म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून पत्र्याखाली बसते. मागच्या उन्हाळ्यात अशीच चक्कर येऊन पडली. बिल मी भरतो म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "सरकारचं घेईन, ते समद्यांचंच हाय. तुझ्या लेकरांच्या ताटातलं न्हाय घ्यायची."

मग मी कागद जमवले. अपंगाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. आमच्या ढोकीहून कळंबच्या वीज कचेरीत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला गेलेले, दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. तिसऱ्यांदा खिडकीतल्या कारकुनानं आधी बिलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गुरुजी, हे ग्राहक म्हणजे तुम्हीच की. तुम्हाला निराधार कसं करायचं?"

रांगेतली माणसं हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. नाव बदलून मिळतं म्हणाला, पण त्यासाठी घर काकूच्या नावावर पाहिजे. घर अजून काकांच्याच नावावर. म्हणजे आधी वारस नोंद, त्याला मृत्यूचा दाखला, मग ग्रामपंचायत. उन्हाळा सरेपर्यंत होऊन जाईल, असं तो म्हणाला. बिचाऱ्यानं दिलासा म्हणूनच सांगितलं.

ढोकीला उतरलो तो घरी न जाता मागच्या गल्लीत काकूकडंच गेलो. घरात कुणी आलं की पंखा लावायचा, ही तिची रीत. लावला. मी घडलेलं सांगितलं, चूक माझीच हेही सांगितलं. ती गुडघा चोळता चोळता म्हणाली,

"तुझी कसली चूक? त्या टायमाला धावत तूच आलतास. दुसरं कोण आलतं?"

रागावली असती तर बरं झालं असतं. मी चपला घातल्या आणि मागं खटका वाजला. पंखा बंद.

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. मास्तरकीवरून चार टोमणे मारील अशी माझी तयारी होती. तवा उतरवून ती एवढंच म्हणाली, "तुमचे कागद होतील तवा होतील. उद्यापासून दुपारचं मी शिवण घेऊन त्यांच्याकडं बसत जाईन. मी असले की बंद करायच्या न्हाईत त्या पंखा."