वन्संची थरथरणारी डायरी

माझ्या नणंदेला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला, त्यात कान गेले, आणि पुढे लग्नाचं कुणी नाव काढलं नाही. मी लग्न होऊन तलासरीजवळच्या आमच्या पाड्यात आले तेव्हा घरात सासू नव्हती, वन्संच होत्या. चौथी शिकलेल्या, समोरच्याचे ओठ बघून सगळं समजणाऱ्या, आणि स्वतः बोलायला लागल्या की चार घरांना ऐकू जाणाऱ्या. आमची भांडणं पाड्याने पुष्कळ ऐकलीत. म्हणजे त्यांची बाजू ऐकली. माझी बाजू फक्त वन्संना दिसायची.

२०१८च्या दिवाळीच्या सुमाराला जमीन हलायला लागली. बाहेरच्या माणसांना वाटतं, भूकंप एकदा होतो आणि संपतो. आमच्याकडे तो मुक्कामाला आला. आधी सुरुंग उडवल्यासारखा आवाज, मग फळीवरची भांडी, मग कौलं. आवाज आला की जो तो बाहेर पळायचा. पण जिला आवाजच नाही त्या बाईने काय करायचं? एका संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात उभे, आणि वन्सं मागाहून आल्या, केसांत कौलांचा चुरा. म्हणाल्या, "मला हाक नाही का मारायची?" बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. मला नाही आलं. मी त्यांच्या केसांतला चुरा वेचत होते.

पाड्यातले बरेच जण ताडपत्री बांधून बाहेर झोपायला लागले. वन्सं ऐकेनात. त्या घरात जन्मल्या, त्या घराबाहेर त्यांनी कधी रात्र काढली नव्हती, आणि म्हातारपणी उघड्यावर झोपायची त्यांना लाज वाटत होती. मग मीच उपाय काढला. मी शिवणकाम करते, परकराच्या नाड्यांना घरात तोटा नाही. नाडीचं एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं त्यांच्या. आवाज आला की मी ओढायची. आमचे हे उंबरगावला कारखान्यात, त्यांची रात्रपाळी असली की आम्ही दोघीच. शेजारीण म्हणाली, गाय-वासरू बांधून ठेवलंय. म्हणू दे मेलीला, वन्सं घरात होत्या ना.

पण तिकडे पालघरला दिलेल्या आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. हलत्या घरात बाळंतीण कशी आणायची? विहीणबाईंनीच निरोप धाडला, तुम्हीच पालघरला या. म्हणजे वैशाखात मी तिकडे, हे रात्रपाळीला, आणि वन्संची नाडी ओढायला कुणी नाही.

डहाणूच्या बाजारात घड्याळं आणि मोबाईल विकणारं एक दुकान आहे. तिथे गेले. गुजराती शेठला सगळं सांगितलं. त्याने काचेवर तीन वस्तू मांडल्या. एक बटणांचा मोबाईल, एक पोरांच्या मनगटावरचं गजराचं घड्याळ, आणि एक खिशात मावणारी डिजिटल डायरी, पूर्वी ऑफिसातले लोक बाळगायचे तसली, झाकण उघडलं की बारीक बटणं. गजर लावला की ती वाजायची आणि थरथरायचीही. मी हातात घेऊन बघत होते तेवढ्यात शेठ म्हणाला, "बेन, हे घेऊ नका ने. नवीन येतंय. उशाखाली ठेवायचं. धक्क्याच्या आधीच थरथरतं."

"कधी येतंय?"

"महालक्ष्मीच्या जत्रेनंतर. थोडं थांबा ने."

थांबले. ही वार्ता एकट्या शेठची नव्हतीच. तलासरीत जो भेटेल तो तेच सांगत होता. कुणी म्हणे जपानहून येतंय, कुणी म्हणे सरकार घरटी एक वाटणार, मग विकत कशाला घेता? विवळवेढ्याला जत्रेत महालक्ष्मीला नारळ ठेवताना मी जमीन थांबू दे असं मागितलंच नाही. ते यंत्र लवकर येऊ दे, असं मागितलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. जत्रा उठली. पुन्हा डहाणूला गेले तर शेठ म्हणे, आता पावसाच्या आधी नक्की. तेव्हा मी ओळखलं की हे येणारं नाही. शेठ खोटं बोलत नव्हता बिचारा, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

मग उरलेल्या तिनांतून निवड करायची. मोबाईल नको, कारण ह्यांचा जुना फोन वन्संच्या कमरेला लावून बघितला होता. कंपनीचा मेसेज आला तरी तो थरथरायचा आणि वन्सं हातातलं पीठ टाकून अंगणात धावायच्या. शेजारणीने फोन करून उठवायचं म्हटलं तर ती आधी स्वतः पळणार, मग फोन. बैल गेला अन् झोपा केला. घड्याळाचा पट्टा त्यांच्या मनगटाला पुरेना. राहिली डायरी. भूकंप तिला कळणार नव्हता, हे मला काय कळत नव्हतं? पण रिकाम्या हाताने घरी जायचं माझ्याच्याने होईना.

वन्सं मात्र खुलल्या. दोन संध्याकाळी शिकवलं आणि माझ्यापेक्षा भराभर बटणं दाबायला लागल्या. आणि मग त्यांनी जे सुरू केलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा पाड्यात रोज फोनवर मेसेज फिरायचे, आज इतक्या वाजता मोठा धक्का येणार, उद्या पहाटे येणार. वन्सं लोकांचे ओठ बघत फिरायच्या आणि ती प्रत्येक वेळ डायरीत लावायच्या. मराठी अक्षरं त्यात नव्हती, म्हणून भूकंपासाठी त्यांनी शून्य ठरवलं. वेळ झाली की डायरी थरथरायची, त्या उठून अंगणात बसायच्या, घटका गेली की आत. कुणी पाहुण्यांच्या वेळा लिहून ठेवतं, आमच्या वन्संनी भूकंपाच्या ठेवल्या.

मी चिडले. त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "सगळ्या थापा आहेत वन्सं! भूकंप काय सांगून येतो?"

त्या म्हणाल्या, "असू देत थापा. शून्य असलं की तेवढा वेळ मी घाबरते. बाकीच्या वेळी झोपते. अगं, आधी मी सारखीच घाबरत होते."

मी पिशवी भरली, आणि पालघरला गेले.

लेक सुखरूप सुटली, मुलगी झाली. मी तिकडे बाळाला न्हाऊ-माखू घालत होते आणि इकडे शून्यं वाढत होती. मेसेज कमी होईनात, आणि वन्सं एकही सोडायला तयार नव्हत्या. पुढे पुढे रात्रभर डायरी थरथरायची आणि त्या रात्रभर अंगणात बसायच्या. झोपायच्या दिवसा, घरात. कारण दिवसाची वेळ सहसा कुणी पसरवत नव्हतं.

धक्का आला तो भर दुपारी. मोठासा नव्हता म्हणे. मागच्या भिंतीच्या विटा सुटल्या आणि मांडणी वन्संच्या अंगावर आली. हे घरीच होते म्हणून त्यांना ओढून काढलं. खांदा सुजला, कपाळ फुटलं, जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डायरी उघडली, त्या वेळेला शून्य आहे का बघितलं, आणि ह्यांच्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत, असं हे सांगतात. वन्सं बोलल्या नाहीत म्हणजे बघा.

त्यानंतर त्यांनी घरात पाऊल टाकलं नाही. भिंत बांधून घेतली, तरी नाही. ताडपत्रीखाली बसल्या, ज्याची एवढी लाज वाटत होती तिथेच. पाऊस तोंडावर आला तेव्हा ह्यांनी त्यांना जीपमध्ये बसवून कासा गावी माझ्या चुलत जावेकडे पोचवलं. तिचं घर स्लॅबचं आहे, माणसंही चांगली आहेत.

मी पालघरहून परत येताना आधी कासाला उतरले. मला बघून वन्संनी बाळाचं विचारलं नाही. म्हणाल्या, "घरी कधी नेणार मला?"

"पाऊस संपला की," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्यांनी लगेच उठून लुगडी घडी केली आणि पिशवी भरून उशाशी ठेवली. तेव्हा जून लागला होता.

पाऊस संपला. जमीन थांबली नाही, आणि वन्संना कुठल्या भरवशावर आणू ते मला कळेना. दिवाळीला फराळ घेऊन गेले तर उशाशी पिशवी नव्हती. जाऊ म्हणाली, त्यांनीच सोडली, लुगडी आमच्या कपाटात लावली. वन्सं चकली खात होत्या. मला म्हणाल्या, मीठ जरा कमी पडलंय. घरी कधी नेणार, हे त्यांनी विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही.