कोपऱ्यातली बाळंतीण

कॉलेजात असताना मला दिव्यावर येणारे पतंग आणि भिंतीवरचे कोळी पाळायचा नाद लागला. नाशिकरोडच्या कॉलनीत आमच्या दोनच खोल्या, म्हणून पतंगांचे सुरवंट आईच्या लोणच्याच्या बरणीत राहायचे. त्यांना अंगणातल्या तगरीचा पाला रोज ताजा लागे. तगर पार बोडकी झाली की देवाला फुलं कुठून आणू, यावरून आई मला फैलावर घ्यायची. कोळी तर तिला डोळ्यांसमोर नको असत. दिवाळीच्या साफसफाईत एकही जळमट ठेवणार नाही, हे तिनं गणपतीतच बजावलं होतं.

दिवाळीआधी एका दुपारी घरी आले, तर मदतीला आलेली मावशी बांबूला केरसुणी बांधून जळमटं काढत होती. खिडकीवरच्या कोपऱ्यात माझी लांब पायांची कोळीण तोंडात अंड्यांचं गाठोडं धरून बसलेली. मी काही बोलायच्या आत आईनंच बांबू धरला.

"तो कोपरा राहू दे," ती मावशीला म्हणाली. "बाळंतीण आहे ती."

त्या दिवाळीत फराळाला आलेलं कुणी त्या जळमटाकडे बघू लागलं, की आई त्यांना हळू बोलायला सांगायची.