उकळलेलं पाणी

घरात तिला पुटपुटी म्हणायचे. तोंडातल्या तोंडात बोलायची आणि समोरच्यानं "काय?" विचारलं की उरलेलं गिळून टाकायची. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं. मावशीचा स्वतःचा एकुलता मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला होता. हृदय अधू होतं, एवढंच पुटपुटीला ठाऊक. त्या विषयाला घरात कुणी हात लावत नसे.

विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करायला लागली तरी बोलणं तसंच. शेवटी सरांनी तिला एका प्रशिक्षणाला पाठवलं. पाण्यावर संशोधन करणाऱ्या मुलामुलींना चार लोकांपुढे उभं राहायला, सभा हाताळायला, पुढाकार घ्यायला तिथं शिकवत. शिकवणाऱ्या बाई पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला मध्येच थांबवलं.

"हे फक्त तुझ्या सरांना कळेल. घरी कोण असतं?"

"मावशी."

"मग मावशीला कळेल असं सांग. आणि शेवटचा शब्द खाऊ नकोस."

पुटपुटीनं मनावर घेतलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींपुढे भाषणं ठोकली. प्रशिक्षणाच्या शेवटी खरोखरीची सभा घ्यायची होती. तिनं आपलीच वस्ती निवडली, कारण तिथल्या विहिरींत नायट्रेट सापडलं होतं. मावशी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "आमची आहे."

"संडासाच्या टाक्यांतून झिरपणारा हा क्षार दिसत नाही, चवीलाही लागत नाही," पुटपुटी खणखणीत बोलत होती. "मोठ्यांना सहसा बाधत नाही. पण तान्ह्याला या पाण्यात दुधाची पावडर कालवून दिली, तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. बाळ निळं पडतं."

मावशीनं हात वर केला. "उकळून दिलं तरी?"

प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून सरळ उत्तर द्यायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. "उकळून जात नाही, मावशी. पाणी आटतं, क्षार तेवढाच राहतो. उलट वाढतोच."

सभा संपली तेव्हा टाळ्या पडल्या. बाईंनी पाठ थोपटली. मावशीची खुर्ची रिकामी होती.

घरी मावशी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"मला दूध नव्हतं," ती म्हणाली. "पावडरची बाटली द्यायचे. विहिरीचं पाणी दोनदा उकळायचे. ओठ निळे झाले, नखं निळी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय."

पुटपुटी तिच्याजवळ गेली. "मावशी, हृदयच असेल. तेव्हाचं पाणी कुणी तपासलंय? नक्की नाही सांगता येत."

"मघाशी नक्की सांगत होतीस."

मावशी रागावली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. स्वयंपाक करायची, "जेवलीस का?" विचारायची, आणि जेवायला बसली की घास तसाच हातात राहायचा. पुटपुटीनं बाईंना गाठून विचारलं, आता हिच्याशी काय बोलू? "मला नाही गं माहीत," बाई म्हणाल्या.

पुढे वस्तीत नळ आला. विहिरीवर जाळी बसली. एका दुपारी दोघी धुतलेल्या चादरीची टोकं धरून घडी घालत होत्या. मावशीचे हात थांबले.

"त्याला दुखलं असेल का गं?"

माहीत नाही ते बोलायचं नाही, हे पुटपुटी कॉलेजपासून शिकत आली होती.

"नाही मावशी," ती स्पष्ट म्हणाली. "फक्त झोप आल्यासारखं वाटतं."

मावशीनं मान हलवली. चादरीचं टोक तिच्या हातातून सुटलं, आणि ती तिथंच जमिनीवर बसून रडायला लागली.