धुतलेला बेल्ट

मी अडतिसाव्या वर्षी कराटे शिकायला गेले ते भीती घालवायला. वडप्याला एका गोदामाच्या ऑफिसात माझी नोकरी. संध्याकाळी हायवेला रिक्षाची वाट बघत उभी राहिले की एक गाडी यायची, हळू व्हायची, काच खाली जायची. आतला माणूस काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. महिनाभर हे चाललं. मग मी टेमघरला एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी भरणाऱ्या बायकांच्या क्लासला नाव घातलं.

गाडीवाल्याची भीती हळूहळू निघून गेली. पण क्लासमध्ये मला एक नवीन भीती शिकवली गेली, ती बेल्टची. बेल्ट जमिनीवर टाकायचा नाही. ओलांडायचा नाही. आणि काही झालं तरी धुवायचा नाही, कारण घामाबरोबर शिकलेलंही वाहून जातं. जुन्या बायका आम्हाला एका मुलीची गोष्ट सांगायच्या. तिने परीक्षेआधी बेल्ट धुतला आणि तिसऱ्या दिवशी तिचा पाय मोडला. ती मुलगी कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला शिकवणारे सर हे ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. मी मात्र बेल्ट घरी खुंटीला टांगायचे आणि त्याच्याजवळून जाताना अंग चोरून घ्यायचे.

माझ्याबरोबर जवळच्या पूर्णा गावची एक मुलगी होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, दुसऱ्या गोदामात बिलिंगला. मला ताई म्हणायची. आम्ही एकाच रिक्षाने क्लासला जायचो. तिला असल्या गोष्टींचं हसू यायचं. "ताई, आमच्या घरात असलं काही कुणी मानत नाही. बाबांनी लहानपणीच सांगितलंय," म्हणायची. तरी माझ्यासमोर ती बेल्ट नीट घडी घालून ठेवायची. मला बरं वाटावं म्हणून.

चार वर्षांनी आमची दोघींची ब्लॅक बेल्टची परीक्षा ठरली. दोन दिवस आधी मी कामावरून घरी आले तर खुंटी रिकामी. माझा ब्लॅकच्या आधीचा ब्राउन बेल्ट बाहेर दोरीवर, टोकांतून पाणी गळत होतं.

"केवढा कळकट झाला होता गं," सासूबाई म्हणाल्या. "परीक्षेला असा घेऊन जाणार होतीस? दोन बादल्या पाणी काळं झालं."

मी बेल्ट दोरीवरून काढला आणि उगाच वास घेतला. नुसता साबण. दोन दिवस जिना उतरताना कठडा धरायचे. रस्ता ओलांडताना पाय उचलायचा नाही. सरांना फोन करायला तीनदा मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. त्यांनी परीक्षेलाच बसू दिलं नाही तर?

परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघी एका वर्गात कपडे बदलत होतो. ती बाटली भरायला नळावर गेली. तिचा बेल्ट बाकावर होता, माझ्या बेल्टसारखाच, एकाच दुकानातून आलेला. मी काही ठरवलं नव्हतं. पण माझा हात गेला. तिचा बेल्ट मी माझ्या कमरेला बांधला आणि माझा तिच्या जागी, तिच्यासारखीच घडी घालून ठेवला.

ती आली, बेल्ट बांधायला लागली आणि थांबली.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. मग हसली. "आईने धुतला वाटतं. बघा, आता माझं काही खरं नाही."

त्या वेळी बोलता आलं असतं. मी केस बांधत राहिले.

लढतीत तिचं नाव माझ्या आधी होतं. दुसऱ्याच मिनिटाला ती मागे सरकली, दोन गाद्यांच्या फटीत तिची टाच अडकली आणि ती हातावर पडली. आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला. मनगट वाकडं झालं होतं. सरांनी धावत जाऊन तिच्या कमरेचा बेल्ट सोडला आणि त्याचीच झोळी करून हात गळ्यात बांधला. माझा बेल्ट तिच्या मानेभोवती होता आणि ती ओठ चावून रडत होती. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मग माझं नाव पुकारलं. मी काय लढले ते मला आठवत नाही. पास झाले.

तीन दिवस मी फोन वाजला की दचकायचे. तिचा बेल्ट कपाटात होता. कपाट उघडायची माझी छाती होत नव्हती. चौथ्या दिवशी तो पिशवीत घालून पूर्ण्याला गेले. तिच्या आईने दार उघडलं. माझा चेहरा बघून म्हणाली, "बस ना बाय. उभी कशाला? हात मोडलाय, जीव न्हाय गेला."

आई चहा टाकायला आत गेली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती ऐकत होती.

"बेल्टमुळे नाही पडले मी," ती म्हणाली. "गाद्या नीट लावलेल्या नव्हत्या."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण तुम्हाला वाटत होतं ना, त्याने वाईट होतं?"

"हो."

"मग तो मला का दिलात?"

चहा आला, गार झाला. मी पिशवी ठेवून निघाले. दारापर्यंतही ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. "ती पाय मोडल्याची गोष्ट मी कधी खोडून काढली नाही," ते म्हणाले. "घाबरून का होईना, बायका बेल्ट जपतात, असं वाटायचं. चूक माझीही आहे." मग म्हणाले, "ब्लॅक बेल्ट तुमचा आहे. पण तिची परीक्षा होईपर्यंत बांधू नका." मी नवशिक्यांचा पांढरा बेल्ट बांधून रांगेच्या शेवटी उभी राहायला लागले.

चार महिन्यांनी ती आली. मला रांगेच्या शेवटी बघितलं आणि पुढे आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिच्या परीक्षेच्या दिवशी सरांनी विचारलं, समोर कोण हवं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

माझी नजर तिच्या मनगटावरून हलेना.

"नीट मारा," ती हळूच म्हणाली. "हलक्या हाताने मारलंत तर मला नापास करतील."

मी मारलं. तिने अडवलं, त्याच हाताने. प्रत्येक वेळी मला तो आवाज पुन्हा येईल असं वाटायचं. नाही आला. ती पास झाली, सरांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेली.

आता आम्ही परत एकाच रिक्षाने जातो. ती मला ताई म्हणत नाही. कामाचं बोलते, कधी हसतेही. बॅग मात्र मांडीवर घेत नाही, आमच्या दोघींच्या मध्ये ठेवते. मी ती सरकवत नाही.