विसावी पट्टी

"आधी जागा आखावी, मग आकडा मागावा," असं ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, आणि तेव्हापासून कचेरीत तिचं नाव आखणीबाई पडलं.

नदीची पातळी नोंदवणाऱ्या त्या कचेरीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. आधी जाडजूड वह्या, मग संगणक. फाईलमध्ये पहिला आकडा शिरण्याआधी फाईलच्या मिती, म्हणजे लांबी-रुंदी, सांगाव्या लागतात: नदीकाठची मोजणीची ठाणी किती, वेळा किती. वेळेची मिती ती मोकळी सोडायची. नदी थांबत नाही, तर वेळेला कुंपण कशाला? ठाणी मात्र मोजून वीस. ती मिती एकदा आखली की आखली, मागाहून वाढत नाही.

एकोणीस ठाण्यांवर तासातासाला आकडा पाठवणारी यंत्रं होती. विसाव्यावर, जुन्या पुलाखाली, तिचा थोरला भाऊ. सकाळ-संध्याकाळ गुडघाभर पाण्यात उतरून तो रंग उडालेली पट्टी वाचायचा आणि फोन करायचा. आकडा सांगून झाला की विचारायचा, जेवलीस का. पुलाखालच्या वस्तीला पुराचा इशारा द्यायचा की नाही, ते त्या आकड्यावर ठरायचं.

नव्या साहेबांनी नवी फाईल स्वतः आखली आणि सहीला पाठवली. लोक आकडे बघतात. ती आधी मिती बघायची. ठाणी: एकोणीस.

ती तडक केबिनमध्ये गेली. साहेबांनी निवांतपणे समजावलं की दिवसाला तासाचं एक अशी चोवीस घरं, त्यात विसाव्या ठाण्याचे आकडे दोनच. आलेख फाटक्या बनियनसारखा दिसतो, वर काय दाखवायचं? ती म्हणाली, रिकाम्या घरात 'नोंद नाही' अशी खूण टाकता येते, कोरं घर खोटं बोलत नाही. पण घरच आखलं नाही, तर तिथं काही होतं हे विचारायलाही कुणी उरत नाही.

साहेब हसले. "भावाची नोकरी वाचवताय, असं सरळ म्हणा की."

आकडा संशयास्पद वाटला म्हणून याच भावाला तिनं दोनदा परत पाण्यात उतरवलं होतं.

"भावाला काढा," ती म्हणाली. "दुसरा माणूस उभा करा. पण पाणी आधी तिथंच चढतं, साहेब. खाली दोनशे घरं आहेत."

"पुढच्या वर्षी बघू. आज सही करा."

पुढच्या वर्षी! एकोणीसच आखलेल्या फाईलमध्ये विसावं ठाणं पुढच्या वर्षी कुठून शिरणार? ज्याला हे ठाऊक नाही त्यानं आखायचं, आणि जिला ठाऊक आहे तिनं खाली सही करायची.

तिच्या पिशवीतला फोन वाजू लागला. संध्याकाळच्या आकड्याची वेळ झाली होती. आकडा आला होता, ठेवायला जागा नव्हती.

साहेबांनी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं, सहीच्या रेघेवर ठळक अक्षरात 'वीस' असं लिहिलं, पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं, आणि वाजणारा फोन पिशवीतून काढत ती बाहेर पडली.