काकीचा वर-खालीचा डाव

काकीला नीट दिसत नाही, हे घरात पहिल्यांदा मी बोललो. ते खोटं होतं. तिला फारच नीट दिसलं होतं, म्हणून बोललो.

आमची चिंचणीची काकी पत्ते खेळताना भयंकर चिडायची. हरल्यावर नाही, कोणी बेफिकिरीने खेळलं की. गणपतीत दुपारची जेवणं उरकली की ओटीवर चटई पडायची. पैशांऐवजी वाडीतल्या चिकूच्या काळ्या बिया वाटल्या जायच्या आणि काकी पत्ते पिसायला बसायची. खेळाचं नाव वर-खाली. नवख्याला ती एकदाच समजावायची, तेही भांडल्यासारखं.

"पाच पानं मिळतील. त्यातली कुठलीबी तीन वरच्यासाठी, कुठलीबी तीन खालच्यासाठी. सगळ्यात भारी तीन पानांना बियांची अर्धी रास, सगळ्यात हलक्या तीन पानांना अर्धी. भारी म्हंजे तीन एक्के. हलकी म्हंजे दुर्री, तिर्री, पंजी, ओळीनं आलेली नकोत आनि एका रंगाचीबी नकोत. नाय कळलं तर बघत बस."

बिया टाकून रास वाढली, की डावात उरलेल्यांनी हात पाठीमागे न्यायचे आणि मूठ बांधून पुढे आणायची. रिकामी मूठ म्हणजे खालचा अर्धा मागितला, एक बी म्हणजे वरचा, दोन म्हणजे दोन्ही. दोन्ही मागून एकीकडे हरलात, तर हाती काहीच नाही. रास अर्धी करताना एखादी बी उरली, तर काकी ती खालच्याला द्यायची. "वरच्याला काय कमी हाय?" म्हणायची.

मुठी मात्र एकदम उघडायच्या. दुसऱ्याची मूठ बघून आपलं मागणं बदलणाऱ्याला ती चोर म्हणायची. माझा चुलतभाऊ सुहास, तिचा सख्खा मुलगा, दोन पोरांचा बाप. त्याने एकदा उशिरा मूठ उघडली तर चहा होईपर्यंत त्याला चटईवर बसू दिलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचे सासरे पालघरहून दर्शनाला आले आणि हौसेने चटईवर बसले. व्याह्यांसमोर मी जरा ताठच होतो. बोईसरच्या कारखान्यात साहेब म्हणवून घेतो ना. पानंही झकास आली: दुर्री, तिर्री, पंजी आणि राजांची जोडी. मुठीत दोन बिया घेतल्या. काकीने "उघडा" म्हटलं, तेव्हा सुहासच्या तळव्यावर एक बी दिसली आणि चेहऱ्यावर तीन गुलाम आल्यासारखा आनंद; माझी राजांची जोडी हरणार होती. मी दोन्ही बिया मांडीवर सोडल्या आणि रिकामा हात उघडला.

काकीने मनगट धरलं. "हात मागनं उघडलास. बिया मांडीवर पडल्यात."

मी त्या चटईखाली सारल्या आणि हसलो. "काकी, तुझा चष्मा बदलायला झालाय." व्याही हसले, सगळेच हसले. अर्धी रास मी घेतली. काकी उठून आत गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काकी सगळ्यांना पटवून देईल अशी भीती होती. निघताना सुहासला बाजूला घेऊन काळजीच्या सुरात सांगितलं, की काकीचे डोळे बघून घे. मग काय, सुहासने आणि घरच्यांनी तिची विळी काढून घेतली. वाडीत एकटीने जायचं नाही. चिकू निवडायचे नाहीत. डॉक्टर म्हणाला नजर ठीक आहे, तर म्हणे डॉक्टरला काय कळतंय. ती संतापायची, आणि ती जितकी संतापे तितकं हे लोक म्हणत, वय झालं. मला या माणसांची चीड यायची. एकालाही वाटलं नाही की तिला विचारावं? ही चीड मी बरेच महिने जपली. त्यांच्यावर चिडलो की स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

यंदा गणपतीत काकी भिंतीशी खुर्चीवर बसवलेली. पत्ते सुहास वाटत होता, ढिसाळ. मी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, माझं चुकलं.

तिने मान फिरवलीही नाही. "माज्या कानात कशाला सांगतोस? मला म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांग."

चटईवर व्याही होते, सुहास होता, घरातल्या सगळ्या बायका होत्या. मी सुहासला हातातली पानं खाली ठेवायला लावली.

"काकीला त्या दिवशी बरोबर दिसलं होतं," मी म्हणालो. "बिया माझ्या मांडीवर होत्या, मी त्या चटईखाली लपवल्या. चोरी मी केली आणि आंधळं तिला ठरवलं. काकी, सगळ्यांच्या देखत माफी मागतो."