मोठ्या टायपातलं नाव
परवा एका वेबसाइटवरची अक्षरं दिसेनात म्हणून नातीने ब्राउझरमधला फाँट बदलून मोठा करून दिला, आणि मला मोताळ्याचा छापखाना आठवला. नवं मराठी राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. एका दुपारी, उभं राहून पाय भरून आले आणि बारीक खिळे पाहून डोळे दमले असताना, एक निवृत्त मास्तर पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचं प्रूफ पाहायला आले. कागद डोळ्यांशी नेऊन म्हणाले, "हे अक्षर मले दिसून नाही राह्यलं. मोठ्या टायपात करता काय?" सगळं पुन्हा जुळवायचं जिवावर आलं. "मीच वाचून दाखवतो, मास्तर," म्हणत मी भराभरा वाचलं. ते उठले नाहीत. "मले सोताले वाचू द्या, भाऊ." चरफडत मी जुन्या प्रुफावरूनच मोठे खिळे लावले आणि नवं प्रूफ हाती दिलं. बोट ठेवून वाचता वाचता ते थांबले. "हिच्या नावातलं एक अक्षर गळलं हो." जुन्या प्रुफातही ते नव्हतं, वाचताना मात्र मी नाव पूर्ण उच्चारलं होतं. मी ते अक्षर बसवलं. दमलेल्या डोळ्यांनी अशी किती नावं मी बरोबर वाचली आणि चुकीची छापली, हे आता कोणाला विचारू?